डाव्या डोळ्याचा डबा

या जगात स्थिर अशी एकही वस्तू नाही, आणि जी स्थिर दिसते तिच्याकडे आपण नीट पाहिलेलं नाही, असं ठाम मत असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, तो म्हणजे माझे आतोबा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते टूलरूमचे फोरमन होते. बाकीच्या कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं जिथे बनतात ती टूलरूम. तिथे तीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळं जगच केसाच्या दहाव्या हिश्श्याने चुकलेलं दिसायला लागतं, त्याला तो तरी काय करणार! आमच्या घरी आले की चपला काढायच्या आत ते भिंतीला तळहात लावायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "हलतंय." माझी आई म्हणायची, "भावोजी, हलू दे हो, तुम्ही आधी पाणी घ्या." पाणी आलं की ते पिण्याऐवजी टेबलावर ठेवून त्यात टक लावून बसायचे. आईने शेवटी शेवटी त्यांना पाणी विचारणंच सोडून दिलं, थेट चहाच टाकायची.

पाण्यात बघण्यासाठी त्यांची एक खास वाटी होती. साधी स्टीलची, आमटीची. पण तिचा काठ त्यांनी स्वतः घासून असा सपाट केला होता की तिच्यात पाणी काठोकाठ भरलं तरी थेंब सांडायचा नाही. वाटी टेबलावर ठेवायची, वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाण्यात पडेल अशी सरकवायची, शेजारी टेबलावर उजव्या हाताचं एक बोट नाडी बघितल्यासारखं टेकवायचं आणि बघत राहायचं. पाण्यातली ट्यूब सरळ राहिली तर जागा चांगली. ट्यूब थरथरली तर जागा वाईट, मग ती जागा कुणाची का असेना. ही वाटी शबनम पिशवीत घालून ते गावभर हिंडायचे. न्हाव्याच्या खुर्चीच्या हातावर वाटी ठेवल्याशिवाय दाढीला बसायचे नाहीत. त्यांच्या आयुष्यात त्यांना कुणी एकदाही कापलं नाही हे खरं, पण पश्चिमेतल्या तीन न्हाव्यांनी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, हेही तितकंच खरं.

माझं लग्न ह्या वाटीने ठरवलं म्हटलं तर कुणाला पटणार नाही, पण झालं खरं तसंच. पहिला मुलगा बघायला आला तो कल्याणचा, बँकेतला, दिसायला देखणा. पोहे झाले, प्रश्न झाले, सगळी मंडळी खूश. आतोबांनी हळूच वाटी काढून टीपॉयवर ठेवली. मुलाकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. दोन मिनिटांनी आतोबा म्हणाले, "हलतंय," आणि वाकून टीपॉयच्या खाली पाहिलं. मुलगा पाय हलवत होता. "एवढा वेळ पाय हलवतो तो माणूस एका जागी टिकायचा नाही," असं त्यांनी तिथल्या तिथे, मुलाच्या वडिलांसमोर सांगितलं. झालं, स्थळ मोडलं. वडील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढचा मुलगा आला तेव्हा वाटीतलं पाणी सबंध तासभर हललं नाही आणि आतोबांनी मान डोलावली. ते माझे यजमान. लग्नानंतर कळलं की हा माणूस स्थिर वगैरे काही नाही, आळशी आहे. मी आतोबांना तसं तोंडावर सांगितलं तर म्हणाले, "मास्तरीणबाई, पाण्यात एवढाच फरक कळत नाही." मी शाळेत शिकवत होते म्हणून मला ते मास्तरीणबाई म्हणायचे.

खिशात पेन असतं तिथे त्यांच्या मायक्रोमीटर असायचा. आत्या पापड लाटायला बसली की हे शेजारी बसून एकेक पापड चिमटीत धरून मोजायचे. "हा मधे जाड आलाय." आत्या मान वर न करता म्हणायची, "मग तुमच्या त्या यंत्राला सांगा लाटणं धरायला." आत्या तशी कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याने पाट उचलून निघावं असं बोलायची. ती गोधड्या शिवायची, सगळ्या नात्यातल्या बाळांच्या गोधड्या तिच्या हातच्या. तिला सुईचं नेढं दिसत नसे, म्हणून आतोबा रोज सकाळी आंघोळीनंतर, चहाच्या आधी, दहा सुया ओवून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात ओळीने टोचून ठेवायचे. प्रत्येक सुईचा दोरा चार बोटं लोंबायचा. दहाही दोरे खाली एका रेषेत. एखादा जरी कमीजास्त वाटला तर ती सुई काढून पुन्हा ओवायचे. मी म्हटलं, "आतोबा, गोधडीला काय कळतंय?" तर म्हणाले, "गोधडीला नाही कळत. मला कळतं ना."

आत्याला नेढं का दिसत नसे, ते सांगायला हवं. नाही तर ह्या माणसाला आपण नुसतं वेड्यात काढून मोकळे होऊ. ऐंशी सालानंतर एकदोन वर्षांनी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, कुठे ते आता सांगण्यात अर्थ नाही. चौथ्या दिवशी टाका सुटला, जखम उघडली, डोळ्यात पू झाला आणि त्या डोळ्याचं दिसणं कायमचं गेलं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी काहीही न लपवता सांगितलं की टाका बांधताना चिमट्याची दोन टोकं नीट मिटत नव्हती, धागा निसटत होता, गाठ सैल बसली असणार. दुसरा कुणी असता तर भांडला असता, रडला असता. आतोबांनी विचारलं, "चिमटा बघायला मिळेल?" त्यांनी तो चिमटा भिंगाखाली धरला. दोन टोकांच्या मधून उजेड दिसत होता. आत्या खाटेवर पट्टी बांधून पडलेली, आणि हे खिडकीशी उभे राहून चिमटा उघडताहेत, मिटताहेत. आमच्या घरच्यांनी तेव्हा त्यांना दगड म्हटलं. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू!

आत्याचा दुसरा, डावा डोळा तेव्हा बरा होता, पण त्यातही मोतीबिंदू धरायला लागला होता. आज ना उद्या त्याचंही ऑपरेशन करावंच लागणार होतं. आणि आता एकच डोळा उरला होता. एवढी एक गोष्ट आतोबांनी डोक्यात पक्की केली आणि तिथून पुढची बारा वर्षं त्यांनी दुसरा विचार केला नाही. रविवारी ते डोळ्यांच्या दवाखान्यांतून फिरायला लागले. "तुमचे चिमटे द्या, कात्र्या द्या, बघून देतो." घरच्या पोटमाळ्यावर त्यांनी एक जुना मायक्रोस्कोप आणून बसवला आणि तेलाच्या दगडावर चिमट्यांची टोकं घासून जुळवायला लागले. डोळ्याचा टाका केसापेक्षा बारीक धाग्याने घालतात. तो धागा पकडायचा तर चिमट्याची टोकं अशी मिटायला हवीत की मधे रेघसुद्धा दिसू नये. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर त्यांना रान मोकळं मिळालं. सायकलच्या कॅरियरवर जुन्या ट्यूबचा रबर बांधून, त्यावर हत्यारांची पेटी ठेवून, कल्याण ते बदलापूर असा त्यांचा फेरा सुरू झाला. खड्डा दिसला की उतरून सायकल हातात धरायचे. आमच्याकडचे रस्ते पाहता ते बहुतेक चालतच गेले म्हणायचे.

ह्या फेऱ्यात त्यांना उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. तरुण, सिंधी, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या, रागावल्या की मात्र हिंदीत शिरायच्या. नवा दवाखाना काढला होता आणि ऑपरेशनसाठी मायक्रोस्कोप घेतला होता. त्यातून बघितलं की डोळा बशीएवढा दिसतो, टाका अगदी हवा तिथे घालता येतो. पण बाई हैराण होत्या. समोरचा डोळा म्हणे मधूनच डुगडुगायचा. मायक्रोस्कोप विकणारे म्हणाले, मशीन चांगलं आहे, तुमचा हात बघा. बिचारीला स्वतःच्या हाताची शंका यायला लागली होती. आतोबांनी पिशवीतून वाटी काढली. पाण्यातली ट्यूब गांडुळासारखी वळवळत होती. "बाई, तुमचा हात चांगला आहे," ते म्हणाले. "तुमच्या पायाखाली काय आहे?"

पायाखाली जीन्सच्या पँटी शिवायचा कारखाना होता. मोटारीवर चालणारी वीस शिलाई मशीनं. ती सुरू झाली की वरची जमीन थरथरायची, मायक्रोस्कोपमधून ती थरथर कितीतरी पट मोठी होऊन बाईंच्या डोळ्यासमोर यायची. आतोबांनी आधी मायक्रोस्कोप जमिनीवरून उचलून भिंतीतल्या जाड खांबातून लोखंडी ब्रॅकेट काढून त्याला टांगला. निम्मी थरथर गेली. उरलेली निम्मी टेबलातून पेशंटपर्यंत येत होती, तिला एकच उपाय, मशीनं बंद. ते खाली शेठकडे गेले. शेठ तोंडातला पानाचा तोबरा सांभाळत म्हणाला, "काका, बीस मशीन बंद करूं? मेरा माल कौन निकालेगा, तुम्हारी कटोरी?" आतोबा म्हणाले, "तुझ्या आईच्या डोळ्यात काय आहे?" शेठची आई दाराशीच खाटेवर बसलेली असायची, तिचे दोन्ही डोळे पांढरे झालेले सगळ्या गल्लीला दिसत होते. पुढच्या आठवड्यात मशीनं पाऊण तास बंद राहिली आणि म्हातारीचा एक डोळा मोकळा झाला. तिने पहिलं काय केलं असेल तर शेठच्या तोंडातलं पान बघून त्याला शिव्या घातल्या.

तेव्हापासून तिथे एक रीतच पडली. ऑपरेशनच्या खोलीच्या खिडकीतून एक दोरी खाली सोडली होती, तिच्या टोकाला सायकलची घंटी. वरून एकदा वाजली की वीसही मशीनं थांबायची आणि कारागीर चहाला बाहेर पडायचे. दोनदा वाजली की पुन्हा सुरू. त्या सुट्टीला ते "मोतियाकी छुट्टी" म्हणायचे. आठवड्यात ऑपरेशनं कमी झाली की मास्टरलोक वर येऊन चौकशी करायचे, "मॅडम, आजकल किसीका मोतिया पकताइच नहीं क्या?" बाई आणि आतोबा यांचं मेतकूट इतकं जमलं की आतोबांनी वाटी पाहून मान डोलावल्याशिवाय बाई हत्यार हातात घेत नसत. एकदा त्यांनी मान डोलावली नाही, तर शोध घेता घेता गच्चीवरचा पाण्याचा पंप चालू राहिलेला सापडला. त्या दिवसापासून त्यांचा शब्द त्या दवाखान्यात शेवटचा.

आता डब्याचं सांगते. आतोबांच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची. पाटावर मायक्रोमीटर, कानस, तेलाचा दगड, ती वाटी, आणि सगळ्यात वर एक चपटा स्टीलचा डबा. तो कुणी उघडायचा नाही, हात लावायचा नाही. मी लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला विचारलं, "ह्यात काय आहे हो?" म्हणाले, "तुझ्या आत्याचा डावा डोळा." मी घाबरलेच! मग त्यांनी उघडून दाखवला. हरणाच्या कातड्यासारख्या मऊ कापडावर दोन चिमटे, एक सुई धरायची पकड, एक बारीक कात्री. आत्याचा उजवा डोळा गेला त्याच वर्षी त्यांनी हे सगळं नवं घेतलं होतं आणि आठ महिने खपून जुळवलं होतं. त्याने कुणाचंही ऑपरेशन करायचं नाही. डावा डोळा पिकेल तेव्हा हा डबा निघायचा. दर दसऱ्याला ते त्यातल्या हत्यारांना तेलाचं बोट लावायचे, भिंगाखाली एकदा मिटून बघायचे, फूल वाहायचे आणि डबा बंद. आत्या पलीकडून म्हणायची, "माझ्या डोळ्याची एवढी पूजा करताय, कधी माझ्याकडे पण बघा." हे डब्याचं झाकण पुसत राहायचे.

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला आतोबांनी नवंच खूळ काढलं. त्यांच्या मते अंबरनाथच हलायला लागलं होतं. म्हणाले, कुठल्या तरी कारखान्यात मोठा हातोडा बसवलाय, त्याने आमची इमारत हादरते. सकाळी चहा पिताना कप बशीत वाजतो म्हणजे काय? त्यांनी नगरपालिकेला अर्ज केला. उत्तर आलं नाही, दुसरा केला. तिसऱ्या अर्जानंतर एक ओव्हरसियर आला, भिंतीला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मला तर काही कळत नाही." आतोबांनी वाटी लावली, शेजारी बोट टेकवलं. पाणी थरथरत होतं. "हे बघ!" ओव्हरसियर चक्रावला, लिहून घेतलं आणि गेला. आम्ही सगळे हसलो. माझे यजमान म्हणाले, आता हे पृथ्वी फिरते म्हणून तक्रार करणार. आत्या तेवढी हसली नाही. तिला डाव्या डोळ्यानेही तोवर धुकं पडल्यासारखं दिसत होतं. समोर बसलेला माणूस कोण ते ती आवाजावरून ओळखायची, म्हणून तिला घरी एकटं सोडून आतोबांनी दवाखान्यात वाटी घेऊन जाणंही बंद केलं होतं. कप वाजला की ती मान वळवून ऐकायची आणि काही न बोलता पुढच्या वेळी चहा अर्धाच ओतायची.

शेवटी डोळा पिकला. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. आतोबांनी डबा आदल्या दिवशी नेऊन दिला, हत्यारं सकाळी निर्जंतुक करून ताटात मांडली गेली. वाटीसुद्धा त्यांच्याबरोबर शेकून निघाली. आत्याला बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, तोंडावर हिरवं कापड पसरलं, डोळ्यापुरती मोकळी जागा ठेवली. बाईंनी त्या दिवशी नियम मोडून आतोबांना टोपी, झगा, मास्क घालून तिच्या उशाशी बसू दिलं. मला दाराशी उभी केली. घंटी वाजली. खालची मशीनं एकदम थांबली. आतोबांनी डाव्या हातात आत्याचा हात धरला होता, उजवीकडे स्टुलावर वाटी. त्यांनी बोट टेकवलं, बघितलं आणि म्हणाले, "हलतंय."

बाईंनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. "अंकल, मला स्थिर दिसतंय."

"तुम्हाला दिसत नाही म्हणजे नाही असं होत नाही, बाई. पंपाच्या वेळी पण तुम्हाला दिसलं नव्हतं."

हे खरं होतं. बाई थांबल्या. मला म्हणाल्या, जाऊन पंप बघ. पंप बंद होता. मी खाली धावले. शेठ दारातच होता. त्याला सांगितलं तर त्याने पान थुंकलं आणि स्वतः गल्लीत निघाला. "दो मिनट बंद करो भाई, अपने काका की घरवाली की आँख है!" पिठाची गिरणी थांबली. समोरचं छापखान्याचं मशीन थांबलं. सोडावॉटरवाल्याने मशीन थांबवलं, लोहाराने घण खाली ठेवला, टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. रेडिओने जमीन काय हलणार, पण तोही कुणीतरी बंद केला. चार नंबर कॅम्पात भर दुपारी इतकी शांतता मी आधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. कारागीर हातातले चहाचे ग्लास तसेच धरून वर खिडकीकडे बघत उभे होते. मी धापा टाकत वर आले. "सगळं बंद आहे."

आतोबांनी वाटीकडे पाहिलं. "हलतंय."

त्यांचा आवाज मी ओळखला नाही. बारा वर्षं ज्या एका दिवसाची तयारी केली तोच दिवस हातातून निसटत होता, आणि कशामुळे ते कळत नव्हतं. बाई हिंदीत शिरल्या. "अंकल, इंजेक्शन का असर उतर जाएगा. करना है या नहीं, बोलिए." एकच डोळा, आणि पाणी थरथरतंय. आतोबांना हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना.

तेवढ्यात हिरव्या कापडाखालून आत्या बोलली. आवाज नेहमीसारखाच, पापड लाटताना बोलायची तसाच.

"अहो, स्टुलावरचं बोट काढा."

"बोट? बोटाने काय होतंय?"

"काढा तर."

त्यांनी बोट उचललं. पाणी दोन क्षण हललं आणि थांबलं. पाण्यातली ट्यूब पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली. आतोबांनी ते बोट डोळ्यासमोर धरलं आणि बघत राहिले, कुणी परक्या माणसाची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी तसे. ते हलत होतं. बारीक, एकसारखं हलत होतं. माझ्या डोळ्यासमोरून ते अर्ज गेले, तो ओव्हरसियर गेला, अर्धा ओतलेला चहा गेला, आणि आम्ही हसलो होतो तेही आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आत्याच्या हातात त्यांचा दुसरा हात होता. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं तेच तिला केव्हाचं कळलं होतं.

"बाई, करा सुरू," आतोबा म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मीही मागोमाग गेले. ते जिन्याच्या पायरीवर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मिनिटभराने नर्स आली. तिने हळू आवाजात विचारलं, "काका, मॅडम विचारताहेत, ताटातले चिमटे तुम्ही कधी घासलेत?" प्रश्नाचा अर्थ त्यांना कळला, मलाही कळला. हा हात ज्याचा, त्याने जुळवलेलं हत्यार एकुलत्या एका डोळ्यात घालायचं की नाही, असं बाई विचारत होत्या. त्यांचंही बरोबरच होतं. आतोबा म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी. त्यानंतर नुसतं तेल आणि फूल. मॅडमना म्हणावं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. भिंगाखाली मिटून बघा."

बाईंनी मिटून बघितलं. नंतर त्यांनी मला सांगितलं की चिमट्याची दोन टोकं मिटली तेव्हा मधली रेघ शोधूनही सापडेना. इतक्या चिमट्यांत असा चिमटा त्यांच्या हातात कधी आला नव्हता. ऑपरेशन चाळीस मिनिटं चाललं. नवं भिंग आत बसलं, एकेक गाठ जिथल्या तिथे. तोवर सबंध गल्ली बंद होती. दोनदा घंटी वाजली आणि आधी गिरणी सुरू झाली, मग मशीनं, मग तो रेडिओ. आतोबा पायरीवरच बसून होते. मी म्हटलं, "झालं हो, आतोबा, सगळं नीट झालं." त्यांनी मान डोलावली आणि मास्क काढून त्यानेच डोळे पुसले.

पट्टी सुटल्यावर आत्याने घरी येऊन पहिलं काय पाहिलं असेल तर माळ्यावरची जळमटं. "बाई, बाई, बारा वर्षं मी ह्या घाणीत राहत होते!" केरसुणी घेऊन चढायला निघाली, तिला धरून बसवावं लागलं. मग तिची नजर आतोबांवर गेली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही एवढे पांढरे कधी झालात हो?" आतोबा म्हणाले, "तुला सांगायचं राहिलं." आम्ही हसलो, पण मी मनापासून हसले नाही.

तो डबा आतोबांनी डॉक्टरीणबाईंना देऊन टाकला. पोटमाळ्यावरचा मायक्रोस्कोप एका होतकरू कारागिराकडे गेला. सायकल गेली. न्हाव्यांची तक्रार उरली नाही. नगरपालिकेला त्यांनी स्वतः पत्र लिहिलं, की आपल्या इमारतीत कसलाही हादरा नाही, अर्ज मागे घेतो आहे, त्रासाबद्दल क्षमस्व. अक्षर वाकडं आलं म्हणून मी लिहून देते म्हटलं, तर म्हणाले, "नको. त्यांना अक्षरावरूनच कळेल." भिंतीला हात लावणंही त्यांनी सोडलं. आमच्याकडे आले की सरळ येऊन खुर्चीत बसायचे, आणि खरं सांगते, त्यांनी एकदा तरी "हलतंय" म्हणावं असं आम्हाला वाटायचं.

एकच काम त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी आंघोळीनंतर, चहाच्या आधी, दहा सुया. आत्याला आता नेढं तर सोडाच, सुईवरचा गंजाचा ठिपकासुद्धा दिसत होता. तरी ती रात्री पुठ्ठा आणि रीळ टेबलावर काढून ठेवायची आणि म्हणायची, "उद्याच्या सुया तेवढ्या ओवून ठेवा हो, माझं अजून नीट बसत नाही." मी पुढच्या गणपतीत त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. सकाळी लवकर जाग आली, स्वयंपाकघरात दिवा दिसला. आत्या ओट्यापाशी उभी राहून भराभर सुया ओवून पुठ्ठ्यात टोचत होती. सात झाल्या, तीन तशाच ठेवल्या, आणि पुठ्ठा टेबलावर ठेवून ती दूध तापवायला वळली. मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. तासाभराने आतोबा आंघोळ करून आले, चष्मा लावला, पुठ्ठा जवळ ओढला. तीन सुयांना अर्धा तास लागला. आत्या पाठ करून चहा गाळत होती, एकदाही वळली नाही. तिसरी सुई टोचून त्यांनी पुठ्ठा वर धरला आणि मोठ्याने म्हणाले, "झाल्या गं दहा. हात आहे अजून." आत्या म्हणाली, "आहेच मुळी."

ती फुलं काढायला खाली गेली तेव्हा मी टेबलाशी बसले होते. पुठ्ठा समोर होता. तीन दोरे चार बोटं लोंबत होते, सात त्याहून चांगले बोटभर लांब. मी बघते आहे हे आतोबांनी बघितलं. दोन्ही हातांनी कप धरून त्यांनी चहाचा घोट घेतला. बशी त्यांनी घेतलीच नव्हती.

"दोरा जरा लांब सोडते ती," ते म्हणाले. "तिला सांगू नकोस."